नकाशावरचं दुसरं अक्षर

अकरा वर्षं ते राज्य मी एकटीच लिहीत होते.
ग्डिनियातल्या आमच्या स्वयंपाकघरात,
खालून शेवटची ट्रॉलीबस घरघरत गेली
की पडदा ओढायचा, फासे काढायचे
आणि मी म्हणायचे: उत्तरेला डोंगर आहेत.
आणि उत्तरेला डोंगर असायचे.

निळ्या पुठ्ठ्याच्या तीन वह्या.
राजांच्या वंशावळी, मिठाचे भाव,
कुठल्या देवाला कुठला मासा चालत नाही,
कोण कुणाला कितव्या शुक्रवारी दगा देणार,
सगळं ठरलेलं.
बोग्ना, झ्येमोविट, माझा भाऊ तिमोतेउश
दार उघडू का विचारायचे,
ते उघडतं की नाही हे मी सांगायचे.
भाडेकरूंसारखे राहायचे माझ्या राज्यात,
भिंतीत खिळा ठोकायचा तरी विचारून.

मग फेब्रुवारीत बोग्नानं वडिलांना आणलं.
लुत्स्यान. गोदीत एकतीस वर्षं क्रेन चालवलेले,
आता गुडघे गेलेले.
आई गेल्यापासून टीव्हीशी भांडतात, म्हणाली.
मी त्यांना एक म्हातारा नावाडी दिला.
त्यांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला.
"ह्याचं गाव कुठलं, दोब्रावा?"

वहीत नव्हतं.
वेळ मारून न्यायला शंभर उत्तरं होती,
पण शेगडीवर बीटचं सूप उतू चाललं होतं,
मी उठले, आणि पाठमोरीच म्हणाले,
"तुम्हीच सांगा की."
घाईत सुटलेले शब्द. उदारपणा वगैरे काही नाही.

"उताराचं गाव आहे," ते म्हणाले.
"तिथं माणूस गेलं की घंटा वाजवत नाहीत.
त्याचं शेवटचं ओझं कुणीतरी उचलतं
आणि धक्क्याच्या टोकाला नेऊन ठेवतं."
कसलं ओझं?
"ज्याचं त्याला ठाऊक.
माझ्या बायकोचं शिवणयंत्र होतं."

माझ्या म्हणाले. ह्याच्या नाही.
कुणी दुरुस्त केलं नाही.
सूप करपलं.

मग झ्येमोविट,
जो इतकी वर्षं फक्त "तलवार काढतो" एवढंच म्हणे,
हळूच म्हणाला,
"त्या गावी माझी बहीण दिली असली तर चालेल?"
चालेल, म्हणाले.
पण त्याच जागी, तिसऱ्या वहीत, पान बासष्टवर
माझी दलदल होती. सहा महिन्यांचं काम.
रात्री एकटीनं खोडली ती, पेन्सिलीनं.
खरं सांगते, राग आला होता.

पुढच्या शुक्रवारी मी राजाचा निरोप्या पाठवला,
सगळ्यांना मुकाट माझ्या वाटेवर आणायला.
बोग्नानं त्याला जेवायला बसवलं.
घरी कोण कोण असतं, विचारलं.
मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिमोतेउश म्हणाला,
"थांब. आज तो मी."
आणि त्याला चार मुली निघाल्या,
एक तोतरी, एक बिनपगारी कवयित्री,
आणि निरोप पोचलाच नाही.

फाशावर पडतं ते दान.
हातानं देतात तेही दान.
इतकी वर्षं मी पहिलंच मोजत आले.

आता नकाशावर माझं तिरकं अक्षर,
त्यावर लुत्स्यानचं, खोक्यांवर लिहितात तसं ठळक,
झ्येमोविटचं त्यालाही न लागणारं.
बोग्नाची एक नदी चढ चढते.
नदी चढत नाही, मी म्हणाले.
"आमच्याकडे चढते."
नियम एकच उरलाय:
दुसऱ्यानं सांगितलेलं खोडायचं नाही,
पुढे न्यायचं.
(तो मला सगळ्यात जड जातो.)

काल नावाडी एका दारापाशी थांबला.
"आत कोण आहे?"
जुन्या सवयीनं सगळे माझ्याकडे बघायला लागले.
वही मिटलेली होती.
मला खरंच माहीत नव्हतं,
आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा
मलाही ऐकायचं होतं.
मी फासा टेबलावरून पलीकडे सरकवला.

दाराच्या आत कुणीतरी खुर्ची सरकवली.